‘बंगाल’ची एक तोफ

८ ऑगस्ट १९४२ ही तारीख आपल्याला पाठ आहे. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर त्या दिवशी ‘चले जाव’चा ठराव झाला. त्याच दिवशी तिकडे ऑस्ट्रेलियात, सिडनीला, ‘बंगाल’ नावाची एक लहानशी नौका रॉयल इंडियन नेव्हीत दाखल होत होती. निव्वळ योगायोग. पण तिची हकिकत वाचताना ही तारीख माझ्या मनातून हलत नाही.

‘बंगाल’चा मूळ धंदा लढाईचा नव्हे. शत्रूने समुद्रात पेरलेले सुरुंग काढायचे आणि व्यापारी जहाजांना सोबत करायची, हे तिचं काम. वजन साडेसहाशे टनांच्या आसपास, वेग ताशी पंधरा नॉट. युद्धकाळात ऑस्ट्रेलियाने अशा ६० नौका बांधल्या, त्यांतल्या चार हिंदुस्थानसाठी. तिच्यावर खरं म्हणजे चार इंची तोफ हवी होती. पण तोफांची चणचण होती. तेव्हा बारा पौंडी गोळा फेकणारी एक तोफ बसवली आणि तिला समुद्रात सोडली. सरकारी काम!

नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती फ्रीमँटल बंदरातून दिएगो गार्सियाकडे निघाली. सोबत ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज होतं. ११ तारखेला दुपारच्या सुमारास, कोकोस बेटांच्या नैऋत्येला, भर हिंदी महासागरात दोन मोठी जहाजं दिसली. ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’. प्रत्येक दहा हजार टनांच्या वर. पूर्वीची प्रवासी बोटींच्या घाटाची ही जहाजं जपान्यांनी तोफा चढवून व्यापारी जहाजांच्या शिकारीला सोडली होती.

‘बंगाल’चे कप्तान विल्सन यांनी ‘ओंडिना’ला निसटायला सांगितलं आणि स्वतः सरळ शत्रूवर चाल केली. ‘ओंडिना’ मात्र पळाली नाही. तिच्यावर चार इंची तोफ होती, गोळे फक्त ३२. एका नौकेकडे हिंमत आणि दुसरीकडे तोफ, असं म्हणायचा मोह होतो. पण हिंमत दोघींकडेही होती. दोघींनी ‘होकोकु मारू’वर मारा केला. एक गोळा नेमका वर्मी बसला, स्फोट झाला, आणि ते अवाढव्य जहाज बुडालं.

‘बंगाल’चा दारूगोळा संपत आला. तिलाही मार बसला होता, तरी माणूस एकही दगावला नाही. ती धुराच्या आडोशाने निसटली. ‘ओंडिना’ बुडाली असंच तिने कळवलं. ‘ओंडिना’वर खरोखरच प्रलय आला होता. कॅप्टन होर्समन ठार झाले, बाकीचे होड्यांत उतरले, त्या होड्यांवरही ‘आइकोकु मारू’ने गोळ्या झाडल्या. जहाजाला पाणतीर लागले. मग ते जपानी जहाज आपल्या बुडत्या माणसांना उचलायला वळलं, आणि इकडे वाचलेले खलाशी आपल्या जहाजावर परत चढले! आग विझवली, आणि १८ नोव्हेंबरला ते फ्रीमँटलला पोचले. ‘बंगाल’ त्याच सुमारास दिएगो गार्सियाला लागली.

तो वर्मी बसलेला गोळा कुणाचा? डच म्हणतात ‘ओंडिना’चा, आपले म्हणतात ‘बंगाल’चा. तोफेचा आकार पाहता मला डचांचं म्हणणं पटतं. पण त्यामुळे ‘बंगाल’च्या धाडसाला बाध येत नाही. शत्रूची नजर तिनेच आधी आपल्याकडे वेधून घेतली होती.

विल्सनसाहेबांना डी.एस.ओ. मिळाला. खालच्या हुद्द्यांवरचे खलाशी हिंदुस्थानी होते. युद्धापूर्वी या आरमारात रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा होता. युद्धात मग देशभरातून भरती झाली. इंग्रजांसाठी लढले म्हणून स्वातंत्र्याच्या इतिहासात त्यांना जागा नाही, आणि इंग्रजांच्या इतिहासात ते तळटीपेत. मला हे खटकतं. चले जाव म्हणणाऱ्यांचा देश आणि त्या डेकवर उभ्या असलेल्यांचा देश काही वेगळा नव्हता. याच आरमारातल्या खलाशांनी फेब्रुवारी १९४६ मध्ये, निकस अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्यांना कंटाळून, मुंबईच्या ‘तलवार’ तळावर संप पुकारला, आणि तो बंदराबंदरांत पसरला.

‘बंगाल’ स्वतंत्र भारताच्या आरमारातही राहिली. तिच्या नावामागचा राजाचा बिल्ला गेला, ती ‘आयएनएस बंगाल’ झाली. १९६० साली ती मोडीत निघाली.