माजिवड्याच्या गळकाठीचें वय

माजिवड्याचें नांव काढतांच आज लोकांस हमरस्त्यांचा चौक आणि त्यावरील वाहनांची गर्दी आठवते. खाडीची ओढ असलेलें जुनें गांव त्यामागें दडून गेलें आहे. तेथील एका परिचित कुटुंबांत गेलों असतां माळ्यावरून काढलेली एक विलायती गळकाठी आमच्यापुढें ठेवण्यांत आली. घरांतील समजूत अशी कीं, १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली तेव्हां रेल्वेच्या एका गोऱ्या इंजिनियरानें ती खापरपणजोबांस बक्षीस दिली. हे गृहस्थ खाडींत होडी चालवीत व साहेबलोकांस मासे धरावयास नेत. काठीचें जुनें रोगण व दोरे खरवडून टाकावे, तिला ताजें रोगण द्यावें आणि खालीं ‘१८५३’ असा आंकडा कोरून ती दिवाणखान्यांत टांगावी, असा थोरल्या चिरंजीवांचा बेत होता. आमचा सल्ला हवा होता तो आंकडा मराठींत असावा कीं इंग्रजींत, एवढ्यापुरताच!

ठाण्याच्या मातीनें इतिहासाच्या अभ्यासकांस थोडें लाडावून ठेविलें आहे. येथील किल्ल्यांत सांपडलेल्या शिलाहार राजा अरिकेसरीच्या ताम्रपटांत शके ९३९ हें साल स्वच्छ लिहिलेलें आहे. गळकाठीवर साल नाहीं; कारागिराचें नांव असलेंच तर तें झिजून गेलें. अशा वेळीं साक्ष घ्यावी लागते ती वस्तूच्या अवयवांची. नाण्यांच्या अभ्यासकांचा नियम येथेंहि लागू पडतो. पुरलेला हंडा त्यांतील सर्वांत नव्या नाण्यापूर्वींचा असूं शकत नाहीं. तसेंच काठीचें, मात्र तो नवा भाग मूळचा आहे, मागाहून बसविलेला नाहीं, याची आधीं खात्री पाहिजे.

ही काठी अखंड बांबूची नव्हे. बांबूच्या सहा कामट्या त्रिकोणी तासून, सरसानें चिकटवून केलेला तो षट्कोनी दांडा आहे. बुरुडाचें काम पाहिलेल्यास यांत नवल वाटणार नाहीं. नवल आहे तें मापाच्या बारकाईचें. बांबूचें बळ सालीलगतच्या तंतूंत असतें, म्हणून साल बाहेरच्या बाजूस राखून आंतील भुसभुशीत भाग तासून टाकतात. अमेरिकेंत ईस्टन येथील बंदुकांचा कारागीर सॅम्युएल फिलिप यानें १८४० नंतरच्या दशकांत कामट्यांच्या काठ्या केल्या खऱ्या. परंतु सहा कामट्यांची काठी बाजारांत रुळली ती १८७० च्या सुमारास, हायरम लेनर्ड याच्या हातून. इंग्लंडांत पुढें या धंद्यांत नांव मिळविणाऱ्या हार्डी बंधूंचें ॲल्निक येथील दुकानच मुळीं १८७२ चें. १८५३ मधील इंजिनियराच्या हातीं बहुधा हिकरीसारख्या लांकडाची काठी असती. खापरपणजोबांची कथा येथेंच डळमळली.

आतां बांबूकडे वळूं. आरंभीं या काठ्यांस लागणारा बांबू आपल्याच देशांतून जाई. कलकत्त्याच्या बंदरांतून निघे म्हणून त्यास विलायतेंत ‘कलकत्ता’ बांबू म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभीं चीनच्या क्वांगतुंग प्रांतांतील, ‘टोंकिन’ या नांवानें विकल्या जाणाऱ्या बांबूनें त्यास मागें सारलें. त्याचीं पेरें लांब व सरळ, गांठी कमी उठावाच्या. कलकत्ता बांबूवर भाजल्याचे काळे डाग असत, आणि कित्येक हौशी लोक डाग दिसतांच काठी जुनी ठरवून मोकळे होतात. परंतु टोंकिनचा बांबूहि पुढें मुद्दाम आंचेवर धरून करपवीत असत! डागांपेक्षां पेरांकडे पाहावें. माजिवड्याच्या काठीचीं पेरें टोंकिनचीं आहेत.

रेशमी वेढ्यांची साक्षहि अशीच बोलकी. दमट हवेंत सरस सुटेल या भीतीनें जुने कारागीर दोन कड्यांच्या मधल्या जागेंतहि जवळजवळ वेढे घालीत. सरस व रोगण जसजसें सुधारलें तसतसे हे वेढे विरळ होत गेले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बहुतेक लोपले. प्रस्तुत काठीवर ते आहेत, पण विरळ. मूठ बुचाची, शेंब्या पितळी, शेवटच्या कडींत अकीक. सर्व एकत्र धरतां काठी १९२० ते १९४० च्या दरम्यानची ठरते. याहून नेमकें साल सांगणारा मनुष्य एक तर कारखान्याची वही पाहून बोलत असतो, नाहीं तर काठी विकावयास निघालेला असतो.

सत्तर वर्षांचें मोठेपण एका दुपारीं गेलें म्हणून चिरंजीव खट्टू झाले. परंतु आमचें लक्ष वेधलें होतें तें शेंड्याच्या तुकड्यानें. तो एके ठिकाणीं मोडून पुन्हा सांधलेला आहे. सांध्यावर बांबूची चीप असून तिजवर रेशमाऐवजीं जाळें विणावयाचा सुती दोरा घट्ट आवळलेला आहे. म्हणजे नायलॉनचा दोरा खाडीकांठीं रुळण्यापूर्वींची ही दुरुस्ती, आणि विलायती कारागिराची खास नव्हे. काठी नुसती माळ्यावर पडून नव्हती. या घरांतील कोणी तरी तिनें मासे धरले, ती मोडली, आणि पदरच्या विद्येनें जोडली. खरवडण्याच्या बेतांत प्रथम हाच दोरा जाणार होता.

घरांतील आजीबाई इतका वेळ दाराशीं बसून ऐकत होत्या. त्यांनीं काठी जवळ मागितली, दोऱ्याचा शेवट बोटानें चांचपला, आणि म्हणाल्या, “ही गांठ माझ्या सासऱ्यांच्या हातची. जाळ्याला ते अशीच मारीत.”

रोगणाचा डबा चिरंजीवांनीं आपण होऊनच उचलून नेला.