एक राज्य, दोन कारभारी

राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान या दोघांच्याही हाती सत्ता असेल, तर अखेरचा शब्द कोणाचा? हा प्रश्न परदेशचा वाटेल. पण आपल्या प्रांताने तो १९३८ साली अनुभवला आहे.

पोंभुर्णा तेव्हा मध्यप्रांतातील चांदा जिल्ह्यात होते. १९३५ च्या कायद्याने मंत्र्यांना नेमण्या-काढण्याचा अधिकार गव्हर्नरकडे होता. मंत्री मात्र विधानसभेला जबाबदार होते. जुलै १९३८ मध्ये प्रांताचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांनी राजीनामा दिला. रविशंकर शुक्ल व अन्य दोन मंत्र्यांनी पक्षाच्या आज्ञेवाचून पद सोडण्यास नकार दिला. गव्हर्नर वायली यांनी त्या तिघांना बडतर्फ करून खरे यांचे नवे मंत्रिमंडळ नेमले. परंतु वर्ध्यात काँग्रेस श्रेष्ठींनी जाब विचारताच खरे काही दिवसांतच पायउतार झाले आणि बडतर्फ शुक्लच पंतप्रधान झाले.

फ्रान्समध्ये अध्यक्षाला जनता थेट निवडते. तरीही १९८६ मध्ये विरोधकांनी संसद जिंकल्यावर अध्यक्ष मितराँ यांना शिराक यांना पंतप्रधान नेमावे लागले आणि देशांतर्गत कारभार शिराक यांच्या हाती गेला.

आपल्या राज्यघटनेत राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते स्पष्ट शब्दांत नमूद केले. नेमणुकीच्या कागदावर सही कोणाचीही असो, सरकार टिकते ते सभागृहातील बहुमतावर. आणि ते बहुमत आपल्याच मतांतून घडते. मुलांनी नागरिकशास्त्र वाचताना एवढे ध्यानी ठेवावे.