व्यायामानंतरच्या मद्यपानाने स्नायूंची भरपाई मंदावते

व्यायामामुळे स्नायूतंतूंची सूक्ष्म झीज होते. विश्रांतीच्या काळात शरीर नवी प्रथिने तयार करून ती भरून काढते व स्नायू बळकट होतात. मद्य याच प्रक्रियेत अडथळा आणते.

ऑस्ट्रेलियातील आरएमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नियमित व्यायाम करणाऱ्या ८ पुरुषांची चाचणी घेण्यात आली. व्यायामानंतर केवळ प्रथिने घेतली असता स्नायूंमधील प्रथिननिर्मिती सर्वाधिक होती. त्या तुलनेत प्रथिनांसह मद्य घेतल्यावर ती २४ टक्क्यांनी, तर कर्बोदकांसह मद्य घेतल्यावर ३७ टक्क्यांनी कमी आढळली. त्यामुळे प्रथिनयुक्त आहार घेतल्यास मद्याचा परिणाम पुसला जातो, ही समजूत फोल ठरते.

या चाचणीत शरीराच्या प्रतिकिलो वजनामागे १.५ ग्रॅम, म्हणजे ७० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी १०५ ग्रॅम मद्यार्क देण्यात आला होता. हे अतिमद्यपान असल्याने अल्प प्रमाणातील मद्यपानाला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत.

मद्यामुळे लघवीचे प्रमाण वाढते आणि घामावाटे झालेली पाण्याची तूट भरून येण्यास विलंब लागतो. झोपेची प्रतही खालावते. परिणामी, पुढील सरावापूर्वी शरीराला आवश्यक ती विश्रांती मिळत नाही.