गॅरेजमधला पाऱ्याचा दिवा

पार्किंगच्या भिंतीवर बसवलेल्या डब्याला आपण सगळेच 'चार्जर' म्हणतो. पण तो चार्जर नाहीच! खरा चार्जर गाडीच्या पोटात असतो. मग भिंतीवर काय आहे? हे नीट कळायला 1900 सालच्या अमेरिकेत जाऊन यावं लागेल.

त्या वर्षी तिथे जेमतेम चार हजार मोटारी बनल्या. त्यातल्या 1,575 विजेवरच्या होत्या आणि पेट्रोलवरच्या हजारापेक्षाही कमी. विजेच्या गाडीला हँडल मारावं लागत नसे, धूर नाही, गिअरची खटपट नाही. पुढे खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा यासुद्धा 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवत.

अडचण होती ती घरी चार्ज करण्याची. बॅटरी चार्ज करणं म्हणजे तिच्यातली रासायनिक क्रिया उलटी फिरवणं, आणि त्यासाठी प्रवाह एकाच दिशेने वाहायला हवा (डीसी). घरोघरी पसरत होती ती मात्र एसी वीज. तिची दिशा सतत उलटसुलट होते, त्यामुळे एका झोक्यात जे कमावलं ते पुढच्या झोक्यात गमावलं, अशी गत. यावर एक उपाय होता: एसी मोटरने डीसी जनित्र फिरवायचं. पण ते धूड महाग आणि आवाज करणारं.

1902 साली पीटर कूपर हेविट यांनी यावर एक सुंदर उत्तर शोधलं. हवा काढून घेतलेला काचेचा फुगा, तळाशी पारा, वर दोन इलेक्ट्रोड. आत विजेची ज्योत पेटली की इलेक्ट्रॉन पाऱ्यातूनच बाहेर पडतात, वरच्या इलेक्ट्रोडमधून नाही. म्हणून प्रवाह एकाच दिशेने वाहतो. जनरल इलेक्ट्रिकने असे संच घरच्या गॅरेजसाठी विकायला काढले. रात्री गाडी लावली की गॅरेजमध्ये निळसर जांभळा उजेड पडायचा. भिंतीजवळचा तो संच मात्र खराखुरा चार्जर होता!

पण तो बसवणार कोण? ज्याच्याकडे स्वतःचं गॅरेज आणि त्यात वीज आहे, तोच. बाकीचे महिन्याचे पैसे भरून गाडी व्यावसायिक गॅरेजमध्ये ठेवत. 1920 सालीसुद्धा अमेरिकेतल्या निम्म्याहून कमी घरांत वीज होती. पेट्रोल मात्र डब्यात भरून कुठेही नेता यायचं. त्यात 1912 मध्ये कॅडिलॅकने बटणावर सुरू होणारं इंजिन आणलं. विजेच्या गाड्या बॅटरी कमी पडल्यामुळे हरल्या असं आपण वाचतो. ते खरं आहे, पण अर्धंच. गाडी रात्री लावायची कुठे, हा प्रश्नही बहुतेकांसाठी सुटला नव्हता.

आता परत आजच्या डब्याकडे येऊ. पाऱ्याची जागा सिलिकॉनने घेतली, यंत्र लहान झालं आणि थेट गाडीत जाऊन बसलं. भिंतीवर उरला एक हुशार स्विच. केबल जोडली की डबा एका बारीक तारेवरून सेकंदाला हजार ठोक्यांचा संकेत पाठवतो. प्रत्येक ठोका किती लांब आहे त्यावरून गाडीला कळतं की किती अँपिअरपर्यंत प्रवाह घ्यायचा. गाडीने 'तयार आहे' म्हटलं की मगच केबलमध्ये वीज सोडली जाते.

म्हणजे गाडी सोपी, घर अवघड! 230 व्होल्टवर 16 अँपिअर म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. 30 युनिटची बॅटरी रिकामीपासून भरायला नऊ-दहा तास. गिझर अर्ध्या तासात बंद होतो, हे रात्रभर चालतं. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वेगळी जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग लागतंच. यात काटकसर करू नका.

आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर? घरच्या आहे त्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जानेवारी 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलंय. पण मीटररूम एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या, आणि मधली भिंत सोसायटीची. बंगलेवाला घरच्या दराने चार्ज करणार, फ्लॅटवाला बाहेर जास्त पैसे मोजणार. शंभर वर्षांपूर्वीचीच वाटणी, नाही का?

फरक इतकाच की आज एक साधन आपल्या हातात आहे. तोच संकेत वापरून अनेक डबे उपलब्ध लोड आपापसांत वाटून घेऊ शकतात: एका गाडीला कमी, दुसरीला जास्त, सकाळपर्यंत सगळ्या भरलेल्या. तेव्हा सर्वसाधारण सभेत 'लोड पुरणार नाही' असं कोणी म्हटलं, तर वाद घालू नका. मंजूर लोड किती आणि रात्री अकरानंतर त्यातला किती वापरात असतो, एवढंच विचारा. हा आकडा बहुतेक वेळा कोणी काढलेलाच नसतो.