लाल टॉर्च आणि तपकिरी रेषा

हेडलॅम्प घ्यायला कॅम्पिंगच्या कुठल्याही दुकानात गेलात, तर पाकिटावर दोन गोष्टी बहुतेक वेळा छापलेल्या दिसतील: प्रकाश किती लुमेनचा आणि लाल दिव्याची सोय आहे की नाही. लाल दिवा कशाला हवा, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "त्यानं रात्रीची नजर टिकते." हे उत्तर खोटं नाही. पण ते मुळात वेगळ्याच लोकांच्या वेगळ्या अडचणीवर शोधलेलं आहे. अंधारात, हातात नकाशा घेऊन डोंगरात वाट काढणाऱ्या माणसाची अडचण त्याहून निराळी असते. तो फरक लक्षात न घेता लाल टॉर्च उचलली, तर नकाशावरची नेमकी हवी ती रेषा दिसेनाशी होऊ शकते. म्हणून टॉर्च निवडण्याआधी हा लाल रंग तिच्यात आला कुठून, ते पाहू.

सुरुवात करू या यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञापासून. दिवसा भडक दिसणारा लाल रंग पहाटेच्या अंधूक उजेडात जवळजवळ काळा दिसतो आणि निळा मात्र त्याच्या आधी उजळू लागतो, हे त्यानं १८२५ मध्ये नोंदवून ठेवलं. कारण पुढे सापडलं. १८६६ मध्ये माक्स शुल्त्से या जर्मन शास्त्रज्ञानं दाखवलं, की दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. दंडाच्या आकाराच्या पेशी अंधूक प्रकाशात काम करतात, तर शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडात काम करतात आणि रंग ओळखतात. घुबडासारख्या निशाचरांच्या डोळ्यात दंडपेशींचंच राज्य असतं, हे त्याच्या पुराव्यांपैकी एक.

दहा वर्षांनी, १८७६ मध्ये, फ्रान्त्स बोल याला रोममध्ये आणखी एक गोष्ट दिसली. अंधारात ठेवलेल्या बेडकाचं दृष्टिपटल लालसर असतं आणि उजेडात आणलं की तो रंग उडून जातो. हायडेलबर्गच्या विल्हेल्म क्यूनेनं लगेच हा धागा पकडला. या द्रव्याला आज आपण ऱ्होडॉप्सिन म्हणतो. उजेडात ते विटतं आणि अंधारात पुन्हा तयार होतं. अंधाराला डोळे 'सरावतात' असं आपण म्हणतो, त्यात या पुन्हा तयार होण्याचा मोठा वाटा असतो. शंकुपेशी दहा मिनिटांच्या आत-बाहेर सावरतात, पण दंडपेशींना पूर्ण सरावायला तीस-चाळीस मिनिटं लागतात. एकदा प्रखर पांढरा झोत डोळ्यात गेला, की ही कमाई गेली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता पुर्किन्येच्या नोंदीचा अर्थ लागतो. दंडपेशी निळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतात, साधारण ५०० नॅनोमीटरच्या आसपास. गडद लाल प्रकाशाला त्या जवळजवळ आंधळ्या असतात. जुन्या फोटो स्टुडिओतली डार्करूम आठवा. तिथे लाल बल्ब चालायचा, कारण फोटोचा कागद लाल रंगाला दाद देत नसे. डोळ्यातली गोष्टही बरीचशी तशीच आहे.

या ज्ञानाचा पहिला मोठा व्यावहारिक उपयोग क्ष-किरणांच्या खोलीत झाला. त्या काळी फ्लुरोस्कोपीचा पडदा इतका मंद असे, की डॉक्टरांना आधी बराच वेळ अंधारात नुसतं बसून राहावं लागे. १९१६ मध्ये विल्हेल्म ट्रेंडेलेनबुर्ग यानं लाल काचांचा चष्मा सुचवला. तो घालून डॉक्टर उजेडात वावरू शकत, नोंदी लिहू शकत, आणि अंधाऱ्या खोलीत शिरून चष्मा काढला की त्यांचे डोळे बऱ्यापैकी तयार असत.

दुसऱ्या महायुद्धात हीच युक्ती सैन्यानं उचलली. रात्री उड्डाण करणारा वैमानिक आणि जहाजावरचा टेहळ्या या दोघांना आतल्या उजेडातून क्षणात बाहेरच्या अंधारात नजर लावावी लागे. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी त्यांच्यासाठी लाल गॉगलचा पुरस्कार केला. कोलंबिया विद्यापीठातल्या सेलिग हेक्ट आणि युन ह्सिया यांनी १९४५ मध्ये मोजून दाखवलं, की सारख्याच तेजाच्या पांढऱ्या प्रकाशापेक्षा लाल प्रकाशानंतर डोळा अंधाराला फार लवकर सरावतो. पाणबुड्यांमधले दिवे लाल झाले. पुढे अमेरिकी सैनिकाच्या पट्ट्याला लटकणाऱ्या काटकोनी टॉर्चच्या, म्हणजे एमएक्स-९९१/यूच्या, बुडाशी असलेल्या कप्प्यात रंगीत काचा मिळू लागल्या. त्यांत लाल काच असे. आजच्या हेडलॅम्पवरचा लाल दिवा हा याच घराण्यातला.

इथवर सगळं सुरळीत आहे. पण डॉक्टर, टेहळ्या आणि वैमानिक या तिघांत एक साम्य होतं. लाल उजेडात त्यांना जे पाहायचं असे, ते बहुधा काळं-पांढरं असे: नोंदवही, घड्याळ, तबकडीवरचे काटे. आकाशनिरीक्षणाच्या रात्रीही लाल टॉर्च उत्तम चालते ती याच कारणानं. ताऱ्यांचा नकाशा म्हणजे बहुतेक वेळा पांढऱ्या कागदावर काळे ठिपके.

जमिनीचा नकाशा तसा नसतो.

शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातलं स्थलनिर्देशक नकाशाचं पान आठवतंय? भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात पाणी निळं, झाडी हिरवी, वस्त्या आणि रस्ते लाल, समोच्च रेषा तपकिरी. ही विभागणी फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या यूएसजीएसच्या नकाशांत समोच्च रेषा तपकिरी आणि मोठे रस्ते लाल. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेत समोच्च रेषा नारिंगी-तपकिरी. तिथल्या १:५०,००० प्रमाणाच्या लँडरेंजर नकाशावर तर पायवाटांच्या हक्काच्या रेषाही लालसर.

यावर लाल उजेड टाकला की काय होतं? पांढरा कागद लाल प्रकाश जवळजवळ सगळा परत पाठवतो. लाल शाईही तेच करते, कारण लाल शाई म्हणजे लाल परत पाठवणारी शाई. कागद आणि शाई दोन्ही सारखेच दिसतात आणि रेष विरून जाते. लहानपणी लाल जिलेटिनच्या कागदातून लाल पेन्सिलीची अक्षरं पाहिली असतील, तर ही गंमत तुम्हाला नवी नाही. तपकिरी रंगातही लालाचा अंश मोठा असल्यामुळे ती रेष फिकी पडते. उलट निळं, हिरवं आणि काळं हे तिन्ही काळपट दिसतात आणि त्यांच्यातला फरक मिटतो.

दिवाणखान्यात ही गंमत आहे, डोंगरात नाही. उतार किती तीव्र आहे, हे नकाशावर समोच्च रेषांच्या दाटीवरून कळतं. ग्रँड कॅन्यनचा यूएसजीएसचा नकाशा पाहा. तिथला कडा म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या तपकिरी रेषांचा पट्टा. लाल उजेडात तो पट्टा फिकटला, तर खालची निळी नदी दिसते, काळी अक्षरं दिसतात, आणि मधला हजारो फुटांचा उतार नजरेतून निसटतो. नकाशा तर समोर असतो, म्हणून आपल्याला सगळं दिसतंय अशी खात्रीही वाटत राहते.

इस्रायलमधल्या वाचकांना आणखी एक अडचण. तिथल्या पायवाटा लाल, निळ्या, हिरव्या आणि काळ्या अशा रंगांनी ओळखल्या जातात, नकाशावरही आणि दगडांवरही. दगडावरची खूण म्हणजे दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टा. लाल टॉर्चखाली लाल वाटेची खूण हा एकच फिका ठिपका उरतो, आणि निळी वाट, हिरवी वाट नि काळी वाट या तिघींच्या खुणा सारख्याच दिसतात. फाट्यावर उभं राहून वाट निवडायची असेल, तर ती टॉर्च तिथे निरुपयोगी.

अमेरिकी सैन्याला हे कळलं तेव्हा त्यांनी टॉर्च तशीच ठेवली आणि नकाशा बदलला. 'लाल प्रकाशात वाचता येणारा' अशा शिक्क्याचे नकाशे छापले जाऊ लागले. त्यांत पूर्वीचे लाल आणि तपकिरी हे दोन्ही रंग काढून त्यांच्या जागी एकच लालसर-तपकिरी रंग आला. समोच्च रेषा आणि मानवनिर्मित गोष्टी दोन्ही त्यातच. सैन्याच्या नकाशावाचनाच्या पुस्तिकेत या रंगाची वेगळी नोंद असते. टॉर्च आणि नकाशा ही एकच निवड आहे, हे एका संस्थेनं चक्क छापून मान्य केलं. तुमच्या पाठपिशवीतला नकाशा मात्र बहुधा तसा छापलेला नसतो.

लाल रंगाची सद्दी पुढे सैन्यातही ओसरली. नाइट व्हिजन गॉगल आले. ते लाल आणि अवरक्त प्रकाश फार चटकन टिपतात, त्यामुळे विमानांच्या कॉकपिटमध्ये निळसर-हिरवे दिवे आले. पाणबुड्यांमध्ये लाल उजेडात रंगीत नकाशे वाचता येईनात, डोळे शिणू लागले. १९८०च्या दशकात ग्रॉटनच्या नौदल प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी लालाऐवजी अगदी मंद पांढऱ्या उजेडाचा पर्याय पुढे आणला.

त्यामागचं तत्त्व टॉर्च घेताना सर्वांत उपयोगी पडतं: रंगाइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व तेजाला आहे. बारीक अक्षर आपण नजरेच्या मध्यबिंदूनं वाचतो आणि तिथे दंडपेशी नसतातच. म्हणजे वाचायचं तर शंकुपेशींना पुरेल इतका उजेड लागणारच. लाल रंग तो उजेड दंडपेशींना कमीत कमी त्रास देऊन पुरवतो. पण उजेड भडक असेल, तर लाल असूनही तुमची अर्ध्या तासाची कमाई बरीचशी बुडते. शिवाय बाजारातल्या पुष्कळ लाल एलईडी ६२० ते ६३० नॅनोमीटरच्या आसपासच्या असतात आणि दंडपेशी त्या प्रकाशाला पूर्ण आंधळ्या नसतात. उलट अगदी मंद पांढऱ्या उजेडात चार-पाच सेकंद नकाशा पाहिला, तर नुकसान थोडं होतं आणि समोच्च रेषा शाबूत राहतात.

मग विकत काय घ्यावं? लुमेनचा मोठा आकडा सोडा आणि सर्वांत कमी उजेड किती, ते विचारा. उजेड हळूहळू शून्याजवळ नेता येणारा दिवा उत्तम. त्यात लाल दिवा जरूर असावा, पण बटण दाबल्यावर तो थेट लागला पाहिजे. आधी पांढरा झोत आणि मग लाल, असा क्रम असेल तर लाल दिव्याचा हेतूच हरला. पाठपिशवीत आपोआप लागू नये म्हणून बटणाला कुलूप असलं तर बरं.

कामं वाटून घ्या. पाण्याची बाटली काढणं, बुटाची नाडी बांधणं, काळ्या आकड्यांचं होकायंत्र पाहणं, सोबत्याकडे वळून बोलणं यासाठी लाल. समोच्च रेषा वाचणं आणि फाट्यावरची रंगीत खूण ओळखणं यासाठी मंद पांढरा, कागदाच्या अगदी जवळ धरून, एक डोळा मिटून. मिटलेला डोळा अंधाराला सरावलेलाच राहतो. चाळिशी ओलांडली असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. लाल प्रकाश डोळ्यात किंचित मागे एकवटतो, त्यामुळे ज्यांना जवळचं वाचायला चष्मा लागतो त्यांना लाल उजेडात बारीक अक्षर अधिक त्रास देतं. रंगांधळेपणाच्या एका प्रकारात तर लाल दिवा मुळातच फार अंधूक दिसतो. अशा सोबत्याला लाल टॉर्च देऊन उपयोग नाही.

आणि निघण्याआधी एका रात्री घरातले सगळे दिवे बंद करून अर्धा तास थांबा. मग ज्या नकाशावरून जाणार आहात तोच नकाशा लाल उजेडात धरा. काय काय नाहीसं झालं, ते बोटानं चाचपून पाहा. दुसऱ्या दिवशी उजेडात काळं पेन घ्या आणि तुमच्या वाटेवरचे तीव्र उतार, कड्यांच्या कडा, लाल रंगात छापलेला रस्ता गिरवून ठेवा. सैन्यानं छापखान्यात जे केलं, ते तुम्ही टेबलावर पाच मिनिटांत करू शकता.