कडब्याचा हिशेब

बार्शी तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांची एक खातेवही आहे. 1960 च्या दशकातल्या एका पानावर, खरिपाच्या ज्वारीपुढे, त्यांनी ‘हायबरेट’ असा शब्द लिहिला आहे. त्यांना म्हणायचं होतं हायब्रीड. त्याच वर्षीच्या रब्बीच्या पानावर मात्र नेहमीची मालदांडी आहे. विहिरीकडच्या हलक्या रानात नवं बियाणं, ओढ्याकडच्या काळ्या रानात जुनं. शेतीच्या इतिहासाचा अभ्यास करू लागलो तेव्हा या दोन पानांनी मला बरेच दिवस अडवून धरलं. शेतीविस्ताराच्या पुस्तकांत शेतकरी एक तर ‘प्रगतिशील’ असतो, नाही तर ‘मागासलेला’. आजोबांना कुठल्या रकान्यात बसवायचं?

हे रकाने जुनेच आहेत. नवी गोष्ट कोण आधी उचलतो आणि कोण मागे रेंगाळतो, याची वर्गवारी एव्हरेट रॉजर्स या अमेरिकी अभ्यासकानं 1962 मध्ये मांडली आणि आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांत ती पाठ झाली. त्याच्या कितीतरी आधी, 1889 मध्ये, जॉन ऑगस्टस व्होल्कर हे रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानची शेती सुधारायला म्हणून आले. गावोगाव हिंडल्यावर 1893 च्या अहवालात त्यांनी लिहिलं ते असं, की इथला रयत कसबात इंग्लंडच्या सामान्य शेतकऱ्याहून कमी नाही. कमी आहे ते पाणी, खत आणि भांडवल. अहवाल वाखाणला गेला. ‘अडाणी शेतकरी’ हा शब्दप्रयोग मात्र सरकारी कागदांतून काही गेला नाही.

ज्वारीचंच बघा. मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवड करून ‘मालदांडी 35-1’ हे वाण तयार झालं. तीही सुधारणाच होती आणि लोकांनी ती घेतली. इतकी, की आज हे वाण ‘गावरान’ म्हणून ओळखलं जातं. कारण त्यात शेतकऱ्याला मोडायचं काही नव्हतं. पेरणीची वेळ तीच, भाकरी तीच, ताट उंच, आणि बी घरचंच राखून ठेवता येणारं.

1964 मध्ये ‘सीएसएच-1’ आलं. देशातली ही पहिली संकरित ज्वारी. तिची मादी ओळ अमेरिकेतून आणलेली. साधारण शंभर दिवसांत येणारी, बुटकी, खताला भरघोस दाद देणारी. सरकारी पत्रकांत तिचं एकरी उत्पादन असे. ते खोटं नव्हतं. पण त्यात धान्य तेवढं मोजलेलं होतं.

आमच्याकडे ज्वारीला दोन पिकं धरतात. कणसं खुडून खळ्यावर गेली की ताटांच्या पेंढ्या बांधून वळई रचायची. कडब्याचा भाव शेकड्यावर ठरतो, आणि पाऊस हुकलेल्या वर्षी तो असा चढतो की पिकाच्या एकूण किमतीत कडब्याचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो. बैलजोडी असलेल्या घरात तर विकण्याचा प्रश्नच नव्हता. वैरण संपली की बैल बाजारात, आणि बैल गेले की पुढची पेरणी दुसऱ्याच्या दयेवर. हायब्रीडचं ताट आखूड आणि जाड. जनावरं पानं खाऊन बुडखे टाकून देत. ‘पोती वाढली, वळई बसली,’ असं आजी म्हणायची. तिची दुसरी तक्रार भाकरीची. पीठ मळताना जुळत नाही, थापताना तुटते, आणि सकाळची भाकरी संध्याकाळी चावत नाही. या तक्रारी एकरी उत्पादनाच्या तक्त्यात कुठं लिहायच्या? पुढे गावात अशक्त, बेचव, टिकाव नसलेल्या कशालाही लोक ‘हायब्रीड’ म्हणू लागले, माणसांनासुद्धा.

आणखी अडचणी होत्या. गावरान ज्वारी पाऊस ओसरल्यावर निसवते; ही लवकर येणारी असल्यानं दाणा नेमका परतीच्या पावसात सापडे आणि बुरशीनं काळा पडे. पेरणी लांबली तर खोडमाशी पोंगा मारी. बी दर वर्षी विकत, त्यावर रासायनिक खत. ज्याला सोसायटीचं कर्ज मिळे त्याला हे जमे. ज्याची थकबाकी होती त्याच्या बाबतीत ‘स्वीकारलं नाही’ हा शब्दच चुकीचा आहे.

तरीही हायब्रीड हरलं असं म्हणता येणार नाही. 1972 च्या दुष्काळात तांबडी मिलो रांगेत उभं राहून आणलेल्या पिढीला पोत्यांचं मोल वेगळं सांगायला नको होतं. 1975 पासून इक्रिसॅट या संस्थेनं काही गावांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला; त्यात अकोला जिल्ह्यातली कंझरा आणि किनखेडा, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण ही गावं होती. अकोल्याकडे पाऊस भरवशाचा, ज्वारी खरिपाची. तिथं संकरित ज्वारी रुजली. सोलापूरकडे जमिनीतल्या ओलीवर येणारी रब्बी. तिथं मालदांडी हलली नाही. एकाच राज्यातली ही माणसं शहाणपणात वेगळी होती, असं मला वाटत नाही. त्यांची रानं वेगळी होती. संशोधकांनीही पुढे हे ओळखलं. ‘सीएसएच-5’ आणि ‘सीएसएच-9’ ही नंतरची संकरित वाणं उंचीला बरी निघाली आणि खरिपात पसरली. सोयाबीननं पुढे तो खरीपच गिळला, हा वेगळा लेख.

आजोबांच्या वहीतली दोन पानं मग मला उलगडली. हलक्या रानातलं हायब्रीड घरच्या आणि गड्यांच्या पोटासाठी, काळ्या रानातली मालदांडी बैलांसाठी आणि भाकरीसाठी. त्यांनी नवं घेतलंही होतं आणि नाकारलंही होतं.

आता बैल नाहीत. ओढ्याकडच्या रानात चुलतभाऊ अजून मालदांडी पेरतो, गोठ्यातल्या गाईंसाठी. मागच्या माघात फोन केला तेव्हा पीक उभंच होतं. ज्वारी उपटायला माणसं मिळेनात, आणि यंत्रानं कापावी तर कडबा खराब होतो म्हणाला. पुढच्या वर्षी हरभरा करावा का, असं तो मलाच विचारत होता.