दुष्काळाचा पैसा आणि पार्लमेंटची संमती

संकटकाळी गोळा केलेल्या पैशाचा हिशेब कोणी मागायचा, हा प्रश्न आपल्याकडे २०२० पासून पुन्हा ऐकू येतो. तो जुना आहे. १८५८ चा हिंदुस्थान सरकारचा कायदा वाचताना मी दोन कलमांपाशी थांबलो. कलम ५३ : हिंदुस्थानचा जमाखर्च दरसाल पार्लमेंटपुढे ठेवावा. कलम ५५ : परचक्र परतवणे वगळता, सरहद्दीबाहेरच्या लढाईचा खर्च दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून हिंदुस्थानच्या महसुलातून करू नये. कागदावर देखरेख चोख होती.

१८७६-७८ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामांवरची मजुरी एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे, एवढ्यावर आणली. ज्यांच्या घरी ना जमीन ना बी, ते या खडीवर बसले. सत्यशोधकांनी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला, १८७७ च्या मे महिन्यात जोतीरावांनी मदतीचे आवाहन काढले. पुढे खुद्द सरकारी दुष्काळ आयोगाने ब्रिटिश मुलखात ५० लाखांवर माणसे मेल्याचे मान्य केले. (या आयोगाचे अध्यक्ष रिचर्ड स्ट्रॅची हे अर्थखाते सांभाळणाऱ्या जॉन स्ट्रॅचींचे भाऊ. योगायोग म्हणून सोडून देऊ.)

याच जॉन स्ट्रॅचींनी दुष्काळाच्या तरतुदीसाठी दरसाल १५ लाख पौंड बाजूला पडतील असे जाहीर केले. त्यासाठी व्यापारी-कारागिरांवर लायसन्स टॅक्स बसला. सरकारी नोकर आणि वकील त्यातून सुटले. त्याच सुमारास मुंबई-मद्रासेत मिठावरचा कर मणाला १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आणे झाला. हा पैसा अन्यत्र वळवणार नाही, अशी हमी होती. १८७८ च्या अखेरीस अफगाण युद्ध पेटले. १८७९ त दुष्काळाची तरतूद थांबवली, कर मात्र राहिला. विचारणा झाली तेव्हा सरकारचे म्हणणे असे की, वेगळा असा फंड कधी नव्हताच. पैसा सर्वसाधारण महसुलातच जमा होता. नाव होते, खाते नव्हते! जिथे खातेच नाही तिथे अपहार तरी कसा सिद्ध करणार?

आणि कलम ५५? ते पाळले गेले. डिसेंबर १८७८ त हेन्री फॉसेट या अंध सभासदाने युद्धखर्च हिंदुस्थानवर लादण्यास कॉमन्समध्ये विरोध केला. मतदान झाले, विरोध पडला, संमती मिळाली. पुढे ग्लॅडस्टन सरकारने ५० लाख पौंडांचा वाटा उचलला, हेही नोंदवले पाहिजे. पण मीठ विकत घेणाऱ्या एकाही माणसाचे मत त्या सभागृहात नव्हते. आपले राष्ट्रवादी इतिहासकार ही लूट साम्राज्याची म्हणून सांगतात. ती होतीच. परंतु करातून कोण सुटले, हे सांगताना त्यांची लेखणी अडखळते.

३० मे १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी महालेखापालाचे काम न्यायसंस्थेच्या कामाहूनही महत्त्वाचे ठरवले. कलम १५१ प्रमाणे त्याचा अहवाल संसदेपुढे येतो. मार्च २०२० त करोनाच्या निमित्ताने पीएम केअर्स निधी निघाला. परदेशातूनही देणग्या घेण्याची त्याला मुभा मिळाली. या वेळी खाते वेगळे होते. पण तो सरकारी निधी नसून सार्वजनिक न्यास आहे, असे सांगण्यात आले, आणि लेखापरीक्षण महालेखापालाऐवजी खासगी चार्टर्ड अकाउंटंटकडे गेले.

मी वर्गात आता १८५८ चे कलम ५५ आणि संविधानाचे कलम १५१ एकाच तासाला शिकवतो.